सात बाजांचा कोंड

कोंडाला तळ नाही, हे गावात कुणी कुणाला शिकवत नसे. पोर चालायला लागलं की त्याला ते ठाऊकच असे. कोंडाजीच्या खापरपणजोबानं म्हणे सात बाजांची विणलेली सुंभं सोडून एकाला एक गाठली, टोकाला घरचा वरवंटा बांधला आणि तो कोंडात सोडला. सगळं सुंभ संपलं तरी तळ म्हणून हाताला लागला नाही. वर ओढून बघितलं तर टोकाचा वरवंटा नाहीसा. देवानं तो ठेवून घेतला, असं ठरलं, आणि त्या जागेला सात बाजांचा कोंड हे नाव पडलं.

बदलापूरच्या पलीकडे डोंगरातून उतरणारा ओढा उल्हास नदीला मिळायच्या आधी एका काळ्या कातळाखाली अंमळ थांबतो, तिथला हा डोह. घेर म्हणाल तर खळ्याएवढा. पाणी मात्र बारमाही, गडद हिरवं, आणि त्यात देवाचे मासे. मांडीएवढे जाड, अंगावर बंद्या रुपयाएवढी खवलं. दुपारी भाताची मूठ टाकली की ते कातळाशी वर येत आणि आख्खा डोह उकळल्यासारखा होई. आसपासच्या गावांत मासा कालवणाशिवाय दुसऱ्या कामाचा नसतो, पण ह्या कोंडात कुणी कधी गळ टाकला नाही.

कोंडाचा मान कोंडाजीच्या घराकडे. भात घरच्या कुणीही टाकायचा, पण माशाला हात पुरुषानं लावायचा नाही. हात लावायचा तो फक्त घरच्या सुनेनं, तोही लग्नानंतर एकदाच. बोटाएवढं पिल्लू टोपलीत धरायचं, त्याच्या कल्ल्याच्या झाकणात चांदीच्या तारेची बारीक नथ घालायची आणि सोडून द्यायचं. म्हणजे सून घरची झाली. कोंडाजीच्या आईनं, बनूबाईनं, घातली होती. बायकोनं, अंजनीनं, घातली होती. कोंडाजी मात्र लंगोटीत होता तेव्हापासून भात टाकत आलेला, आणि मासा हाताला कसा लागतो हे त्या गड्याला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या नवलाईत त्यानं अंजनीला हळूच विचारलं होतं. ती हसून म्हणाली होती, "गार. आनि आतून जित्ता."

सत्याऐंशी सालात मात्र घराची घडी विस्कटली. आदल्या पावसानं लवकर पाठ फिरवली होती आणि भाताच्या लोंब्या अर्ध्या पोचट निघाल्या होत्या. कोंडाजीनं ओढ्याकाठचं शेत दौलतरावाला वीटभट्टीसाठी दिलं आणि स्वतःच्याच शेतात चिखल तुडवायला उभा राहिला. दौलतराव बदलापूरचा, बोलायला गोड, डोळ्यांत हिशेबी. विटा जायच्या उल्हासनगरला, कॅम्प नंबर एकला. तिथं इमारतींवर इमारती चढत होत्या.

"पान्याचं कसं?" दौलतरावानं पारावर चार माणसांत विचारलं होतं.

"कोंड हाय की," कोंडाजी मांडीवर थाप मारून म्हणाला होता. "लावा इंजिन. हत्ती लावलात तरी आटायचा नाय. तळच नाय त्याला, तं आटंल कुठून?"

लबाडी त्यात तिळाएवढी नव्हती. देवाच्या घरी तोटा नाही, एवढ्याच भरवशावर तो बोलला. डिझेलचं इंजिन कातळावर बसलं, काळा पाइप कोंडात गेला, आणि ते इंजिन चालवायचं कामही कोंडाजीकडेच आलं. पहाटे चाक फिरवायचं, मग दिवसभर साच्यात चिखल भरायचा आणि कच्च्या विटा उन्हात उलथायच्या. हाताच्या भेगांत चिखल असा भरे की रात्री बनूबाई त्याला खोबरेल लावायला बसे.

होळीनंतर वृंदा आली. अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी, मुंबईच्या विद्यापीठात शिकत होती आणि उल्हासच्या खोऱ्यातल्या माशांवर संशोधन करत होती. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग. पोरगी चिकट निघाली. पाण्यात नळी बुडवून ऊब बघायची, बाटल्या भरायची, आणि मासे वर आले की तोंडावर हात ठेवून नुसती बघत राहायची.

"कोंडाजीभाऊ, हे महसीर आहेत," ती म्हणाली. "नदीत सगळीकडे असायचे. सुरुंग लावून लावून मारले लोकांनी. इतके मोठे मी कुठेच बघितले नाहीत. तुमच्या घरानं राखलेत हे."

कोंडाजी फुगला. माणूसच तो. पण पुढं तिनं कोंडाची खोली मोजायची गोष्ट काढली तेव्हा त्याला हसूच आलं. तो घरी गेला, माळ्यावरची मोडकी बाज सोडली आणि तिचं सुंभच घेऊन आला.

"घ्या. तुमचा दोर पुरायचा नाय. आनि हे संपलं की सांगा, गावात बाजा लई हायेत."

वृंदानं टोकाला धोंडा बांधला, दोनदा ओढून गाठ तपासली आणि कातळावरून सुंभ सोडलं. ते सळसळत खाली गेलं आणि थांबलं. सैल पडलं. वेटोळं तर अजून कोंडाजीच्या पायाशी जवळजवळ तसंच पडलेलं.

"कपारीत अडकला वाटतं," कोंडाजी म्हणाला.

तिनं जागा बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्या जागी कोंडाजीनं सुंभ स्वतःच्या हातात घेतलं. धोंडा तळाला टेकला तो त्याला तळव्यात कळला, मऊ, वाळूवर बसल्यासारखा. वर काढलेलं ओलं सुंभ दोन पुरुषांच्या उंचीला जेमतेम पुरत होतं.

"आणि हे बघा," वृंदा हळू आवाजात म्हणाली. कातळावर पाण्याची जुनी रेघ दिसत होती. पाणी तिच्या कितीतरी खाली गेलं होतं. "इंजिन बंद करायला हवं, भाऊ. असंच चाललं तर ह्या उन्हाळ्यात हे मासे वाचत नाहीत."

मागं इंजिन धडधडत होतं. आजवर कोंडाजीला दुष्काळाची भीती वाटली होती, वाघराची वाटली होती, पण पायाखालची जमीन खोटी निघाल्याची ही भीती नवीच होती. त्यानं सुंभाचं वेटोळं करून खांद्यावर टाकलं आणि घरी जाऊन ते पुन्हा माळ्यावर ठेवलं. आईनं विचारलं तर म्हणाला, "बाज इनायची हाय."

दुसऱ्या दिवशी तो दौलतरावापुढं जाऊन उभा राहिला. "शेठ, पानी जरा कमी उपसू. कोंड खाली चाललाय."

दौलतराव कामगारांसमोरच हसला. "काय कोंडाजी, तळच नाय म्हनत होतास ना? हत्ती लाव म्हनालास. मी तं साधं इंजिन लावलंय." सगळे हसले. कोंडाजीही हसला, कारण न हसून करतो काय. शब्द त्याचाच होता. पुन्हा जाऊन त्यानं साचा हातात घेतला. त्या आठवड्यात त्यानं मान वर करून कोंडाकडे बघितलं नाही. भात टाकायचा तोही तोंड फिरवून.

एका सकाळी अंजनी धुणं न धुताच परत आली. धापा टाकत होती.

"आवो, पाठी दिसतायत त्यांच्या. पान्याबाहेर."

तो पळत गेला. कोंडात पाणी उरलं होतं ते मधोमध, गुडघाभर, गढूळ. मासे एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभे होते. काळ्या पाठी उन्हात सुकत होत्या आणि तोंडं उघडझाप करत होती. देव असा उघडा पडलेला त्याला बघवेना. त्यानं इंजिनाचा खटका दाबला. एकदम सामसूम झाली, आणि त्या शांततेत माशांच्या तोंडांचा चप् चप् आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. पाइप ओढून त्यानं खांद्यावर घेतला आणि वर नेऊन दौलतरावाच्या मांडवापुढं टाकला. उपसण्याजोगं पाणीच उरलं नव्हतं, तेव्हा दौलतरावही नुसता चडफडत राहिला. मग घरी जाऊन आईच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं, सुंभाचंही.

बनूबाईनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तळ दिसला म्हनतोस?"

"दिसला, आये."

"काय हाय तिथं?"

"वालू. आनि… वरवंटा हाय. कडेच्या उघड्या वालूत अर्धा रुतलाय. गाठ सुटली असंल तवा."

म्हातारी हसली की रडली ते त्याला कळलं नाही. "पनज्यानं खोटं नाय सांगितलं रे. त्याला ठावंच नाय, सुंभ मोकलं लटकत होतं ते." मग पदर खोचून ती उठली. "ऱ्हाऊ दे त्याला तिथंच. मासं कसं वाचतील ते बोल."

वृंदा आलेलीच होती. तिचं म्हणणं सरळ होतं. ओढा आटला तरी खाली उल्हास वाहती आहे. घाटाखालच्या वीजघरातून सुटणारं पाणी तिला बारा महिने येतं. तिथं खोल डोह आहे. मासे तिथं न्यायचे. फक्त ते उचलायचे कसे आणि कुणी, एवढाच प्रश्न. गावातली चार माणसं जमली होती, ती मागं सरली. देवाला उचलून गाडीत घालायचं? कोंडाबाहेर काढला की मासा बाटला. म्हातारा चिंतामण तर म्हणाला, मरायचे तर देवाच्या मर्जीनं मरू देत.

बनूबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. "काय बाटला?" ती म्हणाली. "उन्हाल्यात लेकी म्हायेरी जात नाय का? म्हायेरी जाताना गाडीत बसत नाय का? पावसात येतील परत. अंजने, तू नथ घातलीयस, तू उतर. मी बी उतरते."

आणि ती सरळ कोंडाकडे चालू लागली.

भट्टीवरचं लोखंडी पिंप कोंडाजीनं घासून घासून धुतलं आणि बैलगाडीवर चढवलं. अर्धं कोंडाच्या पाण्यानं भरलं, वर जांभळीच्या डहाळ्या घातल्या. ओल्या गोणपाटाची झोळी करून दोघी सासूसुना चिखलात उतरल्या. बनूबाईचे काटकुळे पाय पोटरीपर्यंत रुतले. झोळी माशाच्या पोटाखालून हलकेच सरकवायची, दोन टोकं दोघींनी धरायची आणि वृंदानं काठावरून पिंपात उतरवून घ्यायची. ह्या पोरीलाही बनूबाईनं आधी कुंकू लावलं होतं, "आजच्यापुरती तू बी सूनच" म्हणून. वृंदा लाजली, पण कुंकू पुसलं नाही. कोंडाजी बैलांची वेसण धरून उभा. त्याला हात लावायचा नव्हता.

एवढा दांडगा मासा, पण झोळीत आला की धडपड करत नव्हता. एकदा शेपटीचा फटका मारायचा आणि निपचित पडून राहायचा, ताप उतरलेल्या पोरासारखा. एकेक चढत गेला तसे काठावर कुणीतरी हात जोडले. चिंतामण डोक्यावरची टोपी काढून पुढं आला आणि पाण्याचा हंडा उचलू लागला.

आणि मग अंजनी चिखलातच थबकली. तिच्या झोळीत सगळ्यांत मोठी मादी होती. कल्ल्याच्या झाकणावर काळी पडलेली तार, तिच्याभोवती मांस वाढलेलं.

"माझी हाय," ती म्हणाली. "आवो, माझी नथ हाय ही."

लग्नाला वीस वर्षं होत आली होती. बोटाएवढं पिल्लू सोडलं होतं तिनं. अंजनी रडत होती आणि चिखलाचे हात असल्यानं तिला डोळे पुसता येत नव्हते. कोंडाजी गाडीजवळून बघत राहिला. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यानं तो वेसणीवरच आवळून धरला.

नदीपर्यंत त्यानं बैलांना अगदी हळू चालवत नेलं, चाक धोंड्यावर चढू दिलं नाही. वृंदा पिंपातलं पाणी तांब्यानं उचलून वरून ओतत होती. पाण्यात हवा मिसळली पाहिजे, म्हणाली. दुपार टळेपर्यंत खेपा चालल्या. काही मासे वाटेत गेले. ते बनूबाईनं काठावर खड्डा करून पुरले आणि घरच्यासारखं सुतक धरलं. उरलेले उल्हासच्या डोहात उतरले. नथवाली मादी अंजनीनं शेवटी सोडली. प्रवाहाकडे तोंड करून तिला पाण्यात धरून ठेवलं होतं. बराच वेळ ती हातातच राहिली. मग एक हिसडा, आणि अंजनीचे हात रिकामे.

तिच्या अंगाचं एक खवल गोणपाटाला चिकटून राहिलं होतं. वृंदानं ते धुऊन उजेडात धरलं, वर भिंग ठेवलं आणि कोंडाजीला बोलावलं. "हे बघायला तर हरकत नाही ना, भाऊ?"

कोंडाजीनं डोळा लावला. आत झाडाच्या बुंध्यात असतात तशा वेढ्या होत्या, एकीबाहेर एक, बारीक, चमकणाऱ्या. काही पैस, काही अगदी दाट.

"पावसाळ्यात पोट भरलं की वेढ्या पैस," वृंदा सांगत होती. "उन्हाळ्यात उपास घडला की दाट. ह्या बाहेरच्या बघा, गेल्या वर्षाच्या. पाऊस लवकर गेला ना?"

"पोचट लोंब्या," कोंडाजी पुटपुटला. त्यानं आत बघत बघत मागं जायला सुरुवात केली. एके ठिकाणी वेढ्या इतक्या दाट की नुसती काळी रेघ. "हे बहात्तर साल तं नाय?"

"असेल," वृंदाही हळूच म्हणाली. "तेच असणार."

त्या साली कोंडाजीनं खडी फोडली होती. बाप त्याच साली गेला होता. ते सगळं ह्या मुक्या जिवाच्या अंगावर इतकी वर्षं गुपचूप उमटून बसलं होतं. त्याच्या घरची साल न् साल पाण्याखाली कुणीतरी सोसत होतं, आणि तो वरून मुठीनं भात टाकत होता. भिंग परत देताना त्यानं ते आधी कपाळाला लावलं.

पाऊस आला, कोंड भरला, पाणी पुन्हा हिरवं झालं. नारळी पौर्णिमेला बनूबाई भात घेऊन कातळावर बसली. भात पाण्यात पडला आणि तळाशी गेला. कुणी वर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावात कुजबूज सुरू झाली, की मानकऱ्यानं देव नदीत सोडला, आता कसला मान. पारावरून कोंडाजी गेला की बोलणं थांबे.

बनूबाई रोज बसायची. रोज अंजनीला विचारायची, "तुझी आली का गं?"

"नाय, आत्या."

"रमल्या असतील म्हायेरी," म्हातारी म्हणायची. पण तिचं जेवण तुटलं होतं. आपल्या शब्दानं ते मासे गेले, हे तिला आतून खात होतं, आणि कोंडाजीला ते बघवत नव्हतं.

भाद्रपदात वृंदा आली ती गुडघाभर भिजून. "भाऊ, चला माझ्याबरोबर. मासे आलेत, पण आत येता येत नाहीये त्यांना."

ओढा नदीला मिळतो तिथं, भट्टीचे ट्रक जायला मातीचा बांध होता. विटांचे तुकडे आणि राख घालून दौलतरावानं तो हिवाळ्यात बांधून घेतला होता, खाली दोन सिमेंटचे नळ ठेवून. घमेली कोंडाजीनंच वाहिली होती. आता त्या नळांतून पाणी बंबासारखं उडत होतं आणि उंचावरून खाली आपटत होतं. खाली मासे होते. एखादा उसळी घ्यायचा, धारेवर आदळायचा आणि उलटा पडायचा. पुन्हा उसळायचा. काहींची तोंडं सोलवटली होती.

कोंडाजीनं एकदाच बघितलं आणि घरी जाऊन कुदळ, पहार घेऊन आला. अंजनीही फावडं घेऊन आली. दोघं बांधावर घाव घालू लागली. दौलतराव छत्री सावरत धावत आला.

"अरे, डोकं फिरलं काय? विटा पडल्यात, दसऱ्याआधी उल्हासनगरला पोचायच्यात. ट्रक कुठून जानार?"

कोंडाजी कुदळ मारत राहिला.

"उद्यापासनं भट्टीवर पाय ठेवू नकोस. सांगून ठेवतो."

"नाय ठेवत," कोंडाजी म्हणाला. "माझंच शेत हाय ते, शेठ. करार सरला की भात लावीन."

दौलतराव शिव्या देत निघून गेला. बांध टणक होता, कोंडाजीनं स्वतःच्या हातानं, धुमसानं ठोकून बसवलेला. ऊन पावसाआड जात-येत राहिलं. शेवटी पहारीखाली माती हलली, एक फट पडली, आणि पाण्यानं उरलेलं काम स्वतःच केलं. बांधाचा मधला तुकडा धडाड् करून गेला. कोंडाजी खिंडारात कमरेइतक्या पाण्यात अडकला. पहार रोवून तो कसाबसा उभा राहिला.

"बाहेर या!" अंजनी ओरडली.

तो निघणार, एवढ्यात पायाला काहीतरी लागलं. तो जागीच थांबला. लाल पाण्यात दिसत काहीच नव्हतं. पोटरीला पुन्हा काहीतरी घासून गेलं. मग मांडीला, मग दोन्ही पायांच्या मधून. मासे वर चढत होते, त्याच्या अंगाला अंग घासत, एकामागून एक. त्याला एकदम आठवण झाली आणि त्यानं दोन्ही हात पाण्याबाहेर वर उचलले, पहार सोडून. हात लावायचा नाही. मानकऱ्याच्या घराण्यात कुणा पुरुषानं लावला नव्हता. पण हे तर आपणच येऊन लागत होते. गार होते. आणि आतून जित्ते. इतकी वर्षं नुसतं ऐकलेलं ते त्याला आता कळलं, आणि त्या कळण्यानं त्याच्या डोळ्यांना धार लागली.

काठावर वृंदा तोंडावर हात ठेवून उभी होती. हात वर करून पाण्यात उभा असलेला आपला नवरा अंजनीला पाण्याची पूजा करत असल्यासारखा दिसत होता.

सगळ्यात शेवटी एक जड धूड त्याच्या गुडघ्यावर रेललं. प्रवाहाचा जोर सहन होईना म्हणून क्षणभर विसावलं असावं. तो ओंडक्यासारखा स्थिर राहिला. ते पुढं सरकलं तेव्हा एक बारीक तार त्याच्या मांडीवरून ओरखडा काढत गेली.

"अंजने," कोंडाजी रडत ओरडला, "पळ घरी. आयेला सांग, भात टाक म्हनावं. लेकी आल्या."